दोराचे दुसरे टोक

९ एप्रिल २०२४ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात वाकडी येथे एका जुन्या विहिरीत मांजर पडले. त्या विहिरीत शेणाचा राडा साठविलेला होता. मांजराला काढण्यासाठी एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, आणि असे एकामागून एक पाच जण गेले. आणखी एक जण उतरला होता, पण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. त्याला वर ओढून काढता आले. तो तेवढा वाचला.

खेड्यातील अज्ञानाचा हा बळी, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. पुढच्याच वर्षी, ९ मार्च २०२५ रोजी, मुंबईत नागपाड्याला एका बांधकामाधीन इमारतीच्या भूमिगत पाणीटाकीत साफसफाईसाठी उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. वाकडीला घरची आणि शेजारची माणसे होती. नागपाड्याचे ते कामाचे ठिकाण होते. तेथे मालक असतो, कंत्राटदार असतो आणि कामगारांना 'उतरा' म्हणून सांगणारा कोणीतरी असतो. या 'कोणीतरी'चा विचार आपल्या चळवळीने फारसा केलेला नाही. त्याला कोठे मुकादम म्हणतात, कोठे सुपरवायझर. बंदिस्त जागेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या या माणसाला काय ठाऊक असते आणि त्याच्या हाती काय असते, यावर आत गेलेल्याचे मरणजगणे ठरते.

त्याला काय ठाऊक असावे लागते? हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो, तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की जागा धोक्याची समजली जाते. टाकी रिकामी आणि कोरडी दिसली म्हणून ती निर्धोक ठरत नाही. लोखंडाला चढणारा गंज प्राणवायू खातो, कुजणाऱ्या फळ्या आणि साचलेला गाळही खातात. मैल्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड जमतो. त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढले की नाकाची घ्राणशक्तीच बधिर होते. 'आता वास नाही' असे कामगार म्हणतो, तेव्हाच मृत्यू जवळ आलेला असतो. हा वायू हवेहून जड, म्हणून तळाशी बसतो; मिथेन हलका, म्हणून वर चढतो. त्यामुळे हवा वर, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही ठिकाणी यंत्राने तपासावी लागते. कंदील सोडून पाहण्याची विहिरीवरची जुनी रीत मिथेन असलेल्या जागी स्फोटाला आमंत्रण ठरते. हे सारे शिकविल्यावाचून कोणाला कळणार? आणि शिकविण्यासारखी सर्वांत कठीण गोष्ट आणखी वेगळीच आहे. आत सहकारी कोसळला की त्याच्यामागे उडी न घेणे, ही ती गोष्ट. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्थेने १९८६ मध्ये नमूद केले होते की, बंदिस्त जागांतील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले होते. माणुसकीची ऊर्मीच येथे माणसे मारते. ही ऊर्मी आवरून तिला दोर, कप्पी आणि श्वसनयंत्र यांच्याकडे वळविणे सरावाशिवाय साधत नाही.

आपल्या देशात कायद्याची वाण कधीच नव्हती. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ३६ व्या कलमाने, धोकादायक वायू असण्याचा संभव असलेल्या बंदिस्त जागेत माणूस उतरविण्यास अटी घातल्या होत्या. वायू काढून टाकण्याचे शक्य ते सर्व उपाय करायचे. त्यावर सक्षम व्यक्तीने स्वतः तपासणी करून लेखी दाखला द्यायचा, नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनयंत्र व पट्टा बांधून त्याच्या दोराचे मोकळे टोक बाहेरच्या माणसाने धरायचे. भोपाळमध्ये १९८४ साली जे घडले त्यानंतर, १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांवर देखरेख करणारी माणसे पात्र आणि अनुभवी असावीत असे सांगितले आणि कामगाराला नजीकच्या धोक्याचा इशारा देण्याचा हक्क दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रमसंहिता अमलात आल्या आणि तो अधिनियम इतिहासजमा झाला. गटारे व मैलाटाक्या यांत माणूस उतरविण्याची धोकादायक सफाई २०१३ च्या कायद्याने निषिद्ध केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारमृत्यूसाठी १० लाख रुपयांची भरपाई ठरविली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. मरणाची किंमत वाढली, मरण मात्र थांबले नाही.

का थांबले नाही? कारण कायदा ज्या 'सक्षम व्यक्ती'विषयी बोलतो, ती कामाच्या जागी नसते. तेथे असतो तो मुकादम, जो काल स्वतःच आत उतरत होता. हाताखाली चार माणसे आली एवढीच त्याची बढती. त्याच्याकडे वायू मोजण्याचे यंत्र नाही, ते पाहिलेलेही नाही. टाकी संध्याकाळपर्यंत साफ झाली नाही तर कंत्राटदार उद्या दुसरा मुकादम आणील, एवढे त्याला पक्के कळते. अपघात घडला की पोलिसांच्या कागदावर प्रथम येणाऱ्या नावांत त्याचे नाव असते. काम ज्याच्यासाठी चालले तो मूळ मालक मात्र कंत्राटाच्या करारामागे सुरक्षित उभा असतो.

म्हणून प्रशिक्षणाचा प्रश्न केवळ शिक्षणाचा नाही, सत्तेचा आहे. अमेरिकेत १९९३ मध्ये लागू झालेल्या नियमाने तीन भूमिका वेगळ्या केल्या: आत जाणारा, बाहेर पहारा देणारा आणि प्रवेशाची जबाबदारी घेणारा पर्यवेक्षक. पर्यवेक्षकाला तपासणी पाहून परवान्यावर सही करायची असते, आणि स्थिती बिघडताच परवाना रद्द करून माणसे बाहेर काढायची असतात. ज्याला हा परवाना रद्द करण्याचा अधिकार नाही त्याला नुसते दोन दिवस वर्गात बसवून प्रमाणपत्र देणे, म्हणजे उद्याच्या अपघाताचा आरोपी आजच नेमून ठेवणे होय.

काही साथी येथे आक्षेप घेतील. गटारात माणूस उतरविणे हीच जातिव्यवस्थेची देणगी आहे. तेथे 'सुरक्षित प्रवेशा'चे धडे देणे म्हणजे त्या अन्यायाला मान्यता देणे नव्हे काय? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तरही स्वच्छ आहे. गटार व मैलाटाकी यांच्या बाबतीत मुकादमाचा पहिला आणि शेवटचा धडा एकच असला पाहिजे: माणूस उतरवायचा नाही, यंत्र आणायचे. परंतु साखर कारखान्याच्या मळीच्या टाक्या, आसवनीतील कर्बवायूने भरणारी किण्वनपात्रे, बॉयलर, जहाजांचे तळकप्पे, इमारतींच्या पाणीटाक्या यांत दुरुस्तीसाठी आजही माणूस जातोच. तेथे मौन पाळून कोणाचेही रक्षण होणार नाही.

तेव्हा आपल्या युनियनांनी मागणीपत्रकात वेतन व बोनस यांच्या शेजारी हीही कलमे लिहावीत. पर्यवेक्षकाचे प्रशिक्षण मूळ मालकाच्या खर्चाने, भरपगारी वेळेत आणि मराठी-हिंदीतून व्हावे. ते खऱ्या टाकीच्या तोंडाशी, यंत्र हातात देऊन व्हावे आणि बाहेरूनच माणूस वर काढण्याचा सराव त्यात असावा. काम थांबविण्याचा अधिकार पर्यवेक्षकाला लेखी मिळावा. तो वापरल्याबद्दल त्याची किंवा कामगाराची मजुरी कापली जाऊ नये. हवा खेळविण्यात व तपासण्यात जाणारा वेळ कंत्राटाच्या दरातच धरलेला असावा, कारण घाईचा दर ठरविणाराच घाईतल्या मृत्यूला जबाबदार असतो. आणि कामगारांच्या प्रतिनिधीची सही नसेल तर परवाना ग्राह्य धरू नये.

मुकादम हा मालकाचा माणूस, अशी आपली जुनी समजूत आहे आणि संपाच्या दिवसांत ती अनेकदा खरीही ठरली आहे. पण टाकीच्या तोंडाशी तो कोणाचा माणूस असेल, हे आपण त्याच्याशी बोलतो की नाही यावरही अवलंबून आहे. आपल्या अभ्यासवर्गांत त्याला बोलवा. आत उतरलेल्या माणसाच्या दोराचे दुसरे टोक त्याच्या हाती असते. ते हात शिकलेले असावेत आणि घट्ट धरण्यास मोकळे असावेत, एवढे पाहणे हे आपले काम आहे.