तीस दिवसांचा सस्पेन्स

माझ्या रूममेटच्या उशीखाली कायम एक जाडजूड थ्रिलर असतं. कव्हरवर धुकं, पडकं घर, लांबवर एक दिवा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, चला, आपल्यासारखीच खून-बिन वाचणारी आहे. मग एका रविवारी लाइट गेले होते म्हणून मी ते उचललं आणि चाळीसाव्या पानावर चक्रावले. पाठलाग आहे, बॉम्ब आहे, पोलिस आहेत, पण हीरो गाडी बाजूला घेऊन चक्क प्रार्थना करतोय. अख्ख्या पुस्तकात शिवी एक नाही. बेडरूमचं दार तर लेखकाने बाहेरूनच लावून घेतलेलं!

"हे काय आहे बाई?"

"ख्रिश्चन सस्पेन्स," ती म्हणाली. "सीआयडी प्लस रविवारची प्रार्थनासभा."

ती नवापूरची. म्हणजे नंदुरबार जिल्ह्याचं ते शेवटचं टोक, जिथे रेल्वे स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. घरी मावची बोलतात, चर्चमध्ये मराठी आणि आमच्या फ्लॅटवर माझ्याशी भांडताना हिंदी. तिच्यामुळे मला कळलं की अमेरिकेत हा प्रकार म्हणजे भलामोठा बाजार आहे. १९८६ मध्ये फ्रँक पेरेटी नावाच्या लेखकाने 'धिस प्रेझेंट डार्कनेस' लिहिलं. छोटंसं गाव, खाली माणसांची कारस्थानं आणि वर आकाशात देवदूत-सैतानांची मारामारी. १९९५ मध्ये टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांची 'लेफ्ट बिहाइंड' मालिका सुरू झाली. चालत्या विमानातून काही प्रवासी अचानक गायब होतात, सीटवर उरतात नुसते कपडे. सोळा पुस्तकं आली, कोट्यवधी प्रती खपल्या. आणि उशीखालचं ते पुस्तक टेड डेकरचं, २००३ मधलं 'थ्री'. धर्मशास्त्र शिकणाऱ्या एका मुलाला फोन येतो: तीन मिनिटांत तुझं पाप जगासमोर कबूल कर, नाहीतर गाडी उडेल. आता गंमत अशी, की पोराला कळतच नाही, नक्की कुठलं पाप! (मला असा फोन आला तर तीन मिनिटं यादी करण्यातच जातील.)

तिने मला हे वाचण्याची एक किल्ली दिली होती. "किती मुडदे पडले ते मोजू नको. कोण खोटं बोलतंय ते बघ. आणि त्याला थांबायचा चान्स कधी होता, ते बघ."

किल्ली मस्त आहे. तरी चार-पाच पुस्तकांनंतर माझी कुरकुर सुरू झाली. लेखकाला शेवट आधीच माहीत असतो आणि तो आपल्यालाही माहीत असतो. देव जिंकणार. मग सस्पेन्स कसला? हीरो पस्तावतो, गुडघे टेकतो, आणि शेवटच्या दहा पानांत बायको, नोकरी, मनःशांती सगळं पॅकेजमध्ये परत मिळतं. निवड कठीण होती म्हणता, मग त्याची किंमत कुणी भरली?

किंमत भरणारी पुस्तकंही आहेत. ग्रॅहम ग्रीनचं 'द पॉवर अँड द ग्लोरी' १९४० चं. मेक्सिकोत धर्मगुरूंची धरपकड चाललेली आणि त्यातला एक पळणारा पाद्री दारुडा, भित्रा, वर एका मुलीचा बाप. सरहद्द ओलांडून तो सुटलेला असतो. तेवढ्यात निरोप येतो की मागे एक मरणारा माणूस आहे, त्याला पापं कबूल करायचीत. हा सापळा आहे हे पाद्रीला स्वच्छ कळतं. तरी तो मागे वळतो. ते पान वाचताना मी लोकलमध्ये माझं स्टेशन चुकवलं, आणि त्या पुस्तकात देवदूत एकही नाही.

तर हे सगळं डोक्यात असताना मागच्या महिन्यात मी धुळ्याला गेले. निमित्त रूममेटचं लग्न. मुलगा जळगावचा, हिंदू, तिथेच नोकरीला. नवापूर ते जळगाव सुरत हायवेवर धुळं साधारण मध्ये पडतं, म्हणून दोन्ही घरं तिथल्या एका हॉटेलात भेटली. न्यूट्रल व्हेन्यू! मी मुलीची मैत्रीण आणि होणारी साक्षीदार म्हणून कोपऱ्यात. शेवभाजी इतकी जाळ होती की पहिली दहा मिनिटं सगळेच गप्प होते. मग विषय निघाला. मुलीच्या पपांना लग्न चर्चमध्ये हवं, आणि त्यांचे पास्टर म्हणतात आधी मुलाचा बाप्तिस्मा. मुलाच्या आईला मांडव हवा, सप्तपदी हवी, मुलीचं नावही बदलायला हवं.

यावर मुलाच्या आत्याने तोडगा काढला. आत्या मोठी व्यवहारी बाई. अहिराणीत पोराला म्हणाली, "आरे, नावपुरतं हा म्हनाले काय जास तुनं?" म्हणजे डोक्यावर पाणी घे, फोटो काढ, घरी ये. नंतर कोण बघायला येतंय? मुलगा तयारही झाला. त्याचा देवावर फारसा विश्वास नाही, त्यामुळे त्याच्या मते यात खोटं पडण्यासारखं काही नव्हतंच. पपाही गप्प राहिले, म्हणजे जवळजवळ कबूल. सगळ्यांचे चेहरे सैल पडले, कुणीतरी कुल्फी सांगितली.

आणि माझी रूममेट म्हणाली, "नाही. खोटा बाप्तिस्मा नको."

मी टेबलावरचे चेहरे बघत होते. तिच्या एका 'नाही'ने चर्च गेलं, मांडवही गेला. उरलं रजिस्टर लग्न. आणि ते मोडणं तिच्या एकटीवर नव्हतं; पपांना रविवारी चर्चमध्ये लोकांसमोर बसायचं होतं, मुलाच्या आईला गल्लीत तोंड दाखवायचं होतं. खरेपणा तिचा, बिल इतरांच्या नावाने. ती बरोबर होती की हट्टी? मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

परतीच्या गाडीत मला 'स्मृतिचित्रे' आठवलं. शाळेत त्यातला एखादा धडा वाचून आपण 'विनोदी आत्मचरित्र' असं लिहून मार्क मिळवतो आणि पुस्तक सोडून देतो. मी मोठेपणी पूर्ण वाचलं तेव्हा वाटलं, अमेरिकेतल्या त्या सगळ्या मंडळींनी ज्याची नुसती जाहिरात केली तो सस्पेन्स इथे आहे. आणि तोही काल्पनिक नाही.

सुरुवात तर थेट थ्रिलरची. १८९३ साल. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारी गाडी. कवी नारायण वामन टिळकांसमोर एक अनोळखी युरोपियन प्रवासी बसलेला. गप्पा होतात. उतरण्याआधी तो त्यांच्या हातात 'नवा करार' ठेवतो आणि सांगतो, तुम्ही दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी त्याचं नावही विचारलेलं नसतं. आणि १० फेब्रुवारी १८९५ ला, मुंबईत, टिळक बाप्तिस्मा घेतात. मुदतीच्या आत.

पण खरं पुस्तक इथून पुढे सुरू होतं, कारण ते लिहिलंय बायकोने, लक्ष्मीबाईंनी. सोवळ्याओवळ्याच्या वेडाने पछाडलेल्या बापाच्या घरात वाढलेली ही बाई. नवऱ्याने काय ठरवलं ते तिला विचारून ठरवलेलं नव्हतं. नवऱ्याला त्याचं सत्य सापडलं आणि ही लहान दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने पंढरपूरला. नवरा जिवंत आहे, प्रेम आहे, पत्रं येतात, आणि तरी त्याच्या हातचं पाणी चालत नाही. पाच वर्षं! १८६६ चा एक कायदा होता. जोडीदाराने धर्मांतरामुळे टाकलं, तर ख्रिस्ती झालेल्या माणसाला कोर्टातून लग्न मोडून घेता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही. वाट पाहिली.

पुढे ती नगरला आली. तरी सुरुवातीला आपलं सोवळं, आपलं पाणी वेगळं. मला हाच भाग सगळ्यात ग्रेट वाटतो. नवरा हवा होता, संसार हवा होता. "नावपुरतं हा" म्हणून टाकणं किती सोपं होतं! म्हटलं नाही. जातपात आधी तिच्या स्वतःच्या मनातून उतरली, मग ख्रिस्तावर विश्वास बसला, आणि १९०० मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. सुटका एकदम झाली नाही, हळूहळू झाली, अधूनमधून भांडत आणि स्वतःवरच हसत. लेखिकेने स्वतःला एकाही पानावर संत केलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

मराठी कादंबरीचा आरंभही अशाच पुस्तकाने झाला, हे आपण विसरतो. बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १८५७ मध्ये त्यांचं 'यमुनापर्यटन' आलं. तीच आपली पहिली कादंबरी मानतात. यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते, विधवांच्या कहाण्या ऐकते. मग नवराच दगावतो, आणि पाहुणी म्हणून जे बघत होती ते तिच्याच वाट्याला येतं. विधवाविवाहाचा कायदा जेमतेम वर्षापूर्वीचा, १८५६ चा. त्या काळात हे लिहिणं म्हणजे खाऊ नव्हे. पण शेवटी यमुना ख्रिस्ती होते, पुन्हा लग्न होतं आणि सगळं मार्गी लागतं. तेच पॅकेज! पदमनजींना उत्तर आधी माहीत होतं. लक्ष्मीबाईंना माहीत नव्हतं, एवढाच काय तो फरक, आणि तो फार मोठा आहे.

खान्देशाशी या घराचा संबंध आला तो १९०७ मध्ये. जळगावला कविसंमेलन भरलं होतं. तिथे धरणगावचा एक सतरा वर्षांचा मुलगा उठला, कविता म्हणाला आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. त्र्यंबक बापूजी ठोंबरे. टिळक त्याला नगरला आपल्या घरी घेऊन गेले. ब्राह्मणाचा पोरगा रेव्हरंडच्या घरात, आणि जेवायला वाढणारी कोण, तर एकेकाळी नवऱ्याच्या हातचं पाणी न पिणारी लक्ष्मीबाई. ठोंबरे तिथे राहिला, लिहू लागला आणि हिंदूच राहिला. ५ मे १९१८ ला जळगावजवळच्या भादली स्टेशनात गाडीखाली सापडून गेला, तेव्हा अठ्ठावीसही पूर्ण नव्हते.

हे सगळं मी रूममेटला सांगितलं. तिने टेड डेकर उशीखालून काढून मला दिला आणि माझं 'स्मृतिचित्रे' ठेवून घेतलं. सध्या ते परत मिळण्याची चिन्हं नाहीत.

जळगावच्या विवाह अधिकाऱ्यांकडे नोटीस लागली आहे. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट, १९५४ चा. कुणीही धर्म बदलायचा नाही, कुणाच्या डोक्यावर पाणी नाही. तीस दिवस तो कागद ऑफिसात सगळ्यांसाठी उघडा, ज्याला हरकत घ्यायची त्याने घ्यावी. मग तीन साक्षीदार आणि सह्या. हे लिहिताना एकोणिसावा दिवस आहे. आत्याबाईंनी अजून दोन नवे तोडगे सुचवलेत. मुलाची आई बोलत नाही, पण साडीचा रंग विचारून घेतला आहे म्हणे. पपांकडून धुळ्यानंतर एक शब्द नाही. ते येतील की नाही यावर आमच्या फ्लॅटवर बोलायचं नाही, असा नियम आहे.

काल रात्री साडेअकराला माझा मोबाइल वाजला. नवापूरचा नंबर. पपा. तिचा नाही, माझा फोन लावला होता. बराच वेळ इकडचं तिकडचं, पाऊस, गाड्यांची गर्दी. मग म्हणाले, "बेटा, ते जळगावचं ऑफिस सकाळी किती वाजता उघडतं?"

मी म्हटलं, विचारून सांगते. ती पलीकडच्या बेडवर पाठ करून झोपली होती. झोपली होती की नाही, कुणास ठाऊक.