आधी कार्य, मग करारनामा

परदेशातील नगराशी भगिनीत्व जोडण्याचा प्रस्ताव सभेपुढे आला, की मसुदा, मोहोर, सत्कार आणि शिष्टमंडळाचा प्रवासखर्च यांचीच चर्चा आधी होते, आणि दोन्हीकडच्या कोणत्या माणसांनी कोणते काम मिळून करावयाचे हा मूळ प्रश्न मागे पडतो. हा क्रम पालटावा, अशी नगरप्रशासनातील आमच्या वाचकांना कळकळीची विनंती आहे.

पुणे व जपानमधील ओकायामा यांच्या स्नेहाची साक्ष देणारे पुण्यातील पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या तीनशे वर्षांच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर उभारलेले असून, त्याची निगा नित्य राखावी लागत असल्यामुळे तो स्नेह केवळ दप्तरात बंदिस्त राहू शकत नाही. मे २०१५ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि चीनमधील दुनहुआंग यांच्यात करार झाला, तेव्हा अजिंठा व दुनहुआंगजवळील मोगाओ लेणी या दोन्ही ठिकाणची बौद्ध भित्तिचित्रे प्रेक्षकांच्या गर्दीपासून व आर्द्रतेपासून कशी जपावीत, हा उभयतांचा समान प्रश्न त्या नात्याला आयताच लाभला. आगाऊ नोंदणी करून प्रेक्षकसंख्येवर मर्यादा घालण्याची मोगाओची व्यवस्था आणि अजिंठ्याच्या संरक्षकांचा दीर्घ अनुभव यांची देवघेव, हेच अशा कराराचे खरे कलम होय.

नगर हवेलीतील आमच्या रांध्याच्या परिसराला अधिक जवळचे उदाहरण जपानमधील तोकामाचीचे आहे. तेथे तोकिओ हासेगावा यांनी १९८२ मध्ये एका जुन्या शाळेच्या इमारतीत मिथिला संग्रहालय स्थापन केले, आणि डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या वारली चित्रकारांनी तेथे राहून चित्रे काढली. या संबंधाचा आरंभ नगरसभेच्या ठरावाने झालेला नाही. राहण्याची सोय, कामास जागा, पुरेसा अवधी आणि कलावंताविषयी आदर, एवढ्या भांडवलावर तो उभा राहिला. वारली वस्ती विपुल असलेल्या नगर हवेलीने आणि सिल्वासासारख्या लहान नगराने यावरून धीर घ्यावा.

म्हणून उभयतांच्या गरजेचे एकच काम निवडावे. दोन्ही बाजूंस एकेक जबाबदार कर्मचारी नेमून, त्याची बदली झाली तरी उत्तराधिकाऱ्यास धागा सापडेल असे दप्तर ठेवावे. आणि खर्च व शिक्षण दोन्हीकडून व्हावे, पाहुण्या कारागिरास योग्य मोबदला मिळावा. प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात त्या दोन कर्मचाऱ्यांची नावे आणि वर्षभराचे काम नमूद असावे. तेवढेही लिहिता येत नसेल, तर सभेने तो प्रस्ताव तूर्त तहकूब ठेवावा.