भरतीचं टेबल उघड्यावरच हवं

अमेरिकेच्या लष्करानं व्हिडिओ गेम खेळणाऱ्या जवानांची टीम पदरी ठेवली आहे, हे नातवानं मला मोबाइलवर दाखवलं. आजोबा भडकणार, असं त्याला वाटलं असावं. मला त्यात भडकण्यासारखं काही दिसलं नाही. पलटणीत कबड्डी, बॉक्सिंग, बास्केटबॉल सगळं चालतं, आणि चांगला खेळाडू असेल तर कमांडिंग ऑफिसर त्याला जिवापाड जपतो. आपला बीडचा अविनाश साबळे महार रेजिमेंटचा, सियाचिनमध्ये राहून आलेला. २०२३ मध्ये हांगझोला त्यानं स्टीपलचेसचं सुवर्ण घेतलं तेव्हा फौजी माणसाची छाती फुगलीच. आताच्या पोरांची बोटं चालत असतील तर तीही चालू देत. २०२० च्या डिसेंबरात अमेरिका आणि ब्रिटनच्या सैन्यदलांच्या टीम 'कॉल ऑफ ड्यूटी'वर एकमेकींशी भिडल्या, अमेरिकेचं स्पेस फोर्स जिंकलं. माजी सैनिकांना नोकऱ्या मिळवून देणाऱ्या संस्थेसाठी तो सामना होता. निवृत्त माणूस म्हणून मी त्याला टाळ्याच वाजवीन.

खटकलं ते पुढं. लष्कराची ती टीम केंटकीतल्या फोर्ट नॉक्सला, भरती कमांडच्या हाताखाली आहे. २०१८ मध्ये त्यांना ७६,५०० जवान हवे होते, साडेसहा हजार कमी पडले, आणि त्यापाठोपाठ ही टीम उभी राहिली. खेळाची हौस नंतरची, पोरं कमी पडली ही अडचण आधीची.

सेवेची शेवटची वर्षं मी भरतीच्या कामावर काढली, म्हणून हे जास्त लागतं. रॅली म्हणजे काय ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. मध्यरात्रीपासून रांग, उजाडायच्या आत सोळाशे मीटरची दौड, मग बीम, नऊ फुटी खड्डा. छातीला टेप लावला की पोरगं श्वास रोखून पाच सेंटिमीटर फुगवायचं आणि डोळे वटारून आमच्याकडं बघत राहायचं. कुंपणाबाहेर फडक्यात भाकरी बांधून आई बसलेली. आणि बाप, तो हमखास टेबलापाशी यायचा. "साहेब, काश्मीरला टाकणार का? काही बरंवाईट झालं तर घरच्यांना काय मिळतं?" असले प्रश्न ऐकून एखादा नवखा क्लार्क वैतागायचा. पण उत्तर द्यावंच लागे. अंगावर वर्दी, छातीवर नावाची पट्टी. तोंड लपवणार कुठं?

अमेरिकेत २०२० च्या जुलैत नेमकं हेच टेबल गायब झालं. लष्कराची टीम ट्विच या गेम थेट दाखवणाऱ्या संकेतस्थळावर खेळत होती. तिथं तेरा वर्षांच्या पोरालाही खातं काढता येतं. बघणाऱ्यांपैकी काहींनी युद्धगुन्ह्यांबद्दल विचारलं, तर त्यांना सरळ ब्लॉक केलं. प्रश्न खोचक होते, खिजवण्यासाठीच टाकलेले होते, हे मान्य. बापांचे तरी कुठं गोड असायचे? कोलंबिया विद्यापीठातल्या नाइट इन्स्टिट्यूटनं हे घटनाबाह्य असल्याचं पत्र दिल्यावर लष्करानं स्ट्रीमिंग थांबवलं आणि ब्लॉक उठवले. त्याहून वाईट प्रकार बक्षिसाचा. महागडा कंट्रोलर जिंका म्हणून लिंक दिलेली, ती दाबली की भरतीचा फॉर्म उघडायचा. शेवटी ट्विचनंच ती काढायला लावली. आमच्या वेळी रॅलीच्या मैदानाबाहेर फिरणारे दलाल असलेच उद्योग करायचे. त्यांना आम्ही पोलिसांच्या ताब्यात द्यायचो.

ट्विचवरच्या भरतीसाठी पैसा देऊ नये अशी दुरुस्ती खासदार अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ यांनी अमेरिकेच्या संसदेत मांडली. १२६ विरुद्ध २९२ मतांनी ती पडली.

कोणी म्हणेल, साबळेला बघून बीडचं पोरगं धावायला लागतं, तीही भरतीचीच जाहिरात. आहेच. पण ते पोरगं वर्षभर पहाटे उठून धावतं, गुडघे फोडून घेतं, आणि अर्ज भरायच्या आत आपल्याला हे झेपतंय का ते त्याचं त्याला कळलेलं असतं. कंट्रोलरच्या आशेनं नंबर भरणाऱ्याला काय कळलेलं असतं?

आपल्याकडं २०१९ मध्ये हवाई दलानं मोबाइल गेम काढला, तोही स्वतःच्या नावानं, उघडपणे. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं ई-स्पोर्ट्सला मान्यताही दिली आहे, तेव्हा आज ना उद्या आपल्या सैन्यदलांची टीम होईल. व्हावी. मात्र ती पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटकडं द्यावी, भरतीच्या शाखेकडं नको. सामन्याच्या स्ट्रीमवर अर्जाची लिंक नको, बक्षिसं तर मुळीच नकोत. अग्निवीर व्हायला साडेसतरा वर्षं लागतात. त्याआतल्या पोराचा मोबाइल नंबर कुठल्याच फॉर्मवर घेऊ नये.