वेलणकराचे हात

गोविंद निहलानी यांच्या 1983 सालच्या ‘अर्धसत्य’मध्ये फौजदार अनंत वेलणकर रामा शेट्टीला पकडावयास त्याच्या अड्ड्यावर जातो, तेव्हा शेट्टी तसूभरही विचलित होत नाही; तो दूरध्वनी उचलतो, आणि ज्या वरिष्ठांच्या बळावर वेलणकर तेथवर आला, त्यांच्याच हुकुमाने त्याला रिकाम्या हाती परतावे लागते. टोळीचे बळ सुऱ्यात नसून दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला असते, हे श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेवरून विजय तेंडुलकरांनी रचलेल्या या पटकथेइतक्या थंडपणे आपल्या चित्रपटांत क्वचितच सांगितले गेले असेल; आणि सदाशिव अमरापूरकरांचा शेट्टी आवाज चढवीत नाही, म्हणूनच तो अधिक भयंकर वाटतो.

अखेरीस वेलणकर त्याचा गळा दाबतो, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवितात. मला भय वाटते ते या टाळ्यांचे. त्याच हातांनी त्याने त्याआधी कोठडीतल्या एका भुरट्या चोराचा जीव घेतलेला असतो, आणि त्या खुनातून सुटण्यासाठीच तो शेट्टीच्या दारी वशिल्याकरिता गेलेला असतो, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. फ्रिट्झ लँगच्या ‘द बिग हीट’मधील पोलीस अंमलदार सूडाच्या कडेलोटावरून परत फिरून आपल्या मेजाशी बसतो, वेलणकराला परतण्याची वाट उरत नाही, तो ठाण्यात जाऊन स्वतःस कायद्याच्या स्वाधीन करतो. हा पराभव आहे, पराक्रम नव्हे. आणि चकमकींत माणसे मारणाऱ्या अधिकाऱ्यांचे पोवाडे गाणाऱ्या आपल्या समाजाला तो पराभव म्हणून दिसत नाही, याचे मला मनस्वी दुःख होते.

ही गोष्ट नाशिकनेच मनावर घ्यावी. राज्याचे फौजदार घडतात ते त्र्यंबक रस्त्यावरील महाराष्ट्र पोलीस अकादमीत. तेथील प्रत्येक तुकडीला हा चित्रपट दाखवावा, आणि कोठडीतील त्या प्रसंगावर खुली चर्चा घडवावी. सोबत 1999 च्या मोक्का कायद्याचे 24 वे कलमही वाचून घ्यावे. संघटित गुन्हेगारांना साहाय्य करणाऱ्या लोकसेवकास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात आहे, आणि दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला वरिष्ठही लोकसेवकच असतो.