कुंकू पुसतां, कीं सातबारा?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

घरधनी गेला कीं आमच्या गांवांत काय होतें? चिता विझलेली नसते, तोंच बाईच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, गळ्यांतली पोत तोडतात. हें करावयास काशीहून कोणी शास्त्री येत नाहीं. सासू, जाऊ, नणंदच येते आणि भाऊबंद ओसरीवर बसून पाहतात. पुढें जन्मभर तिला हळदीकुंकवाचें बोलावणें नाहीं, पोटच्या पोरीला हळद लावावयास तिचा हात चालत नाहीं. तोच हात सोयाबीन सोंगतो, कपाशी वेंचतो. तेव्हां विटाळ होत नाहीं! तिनें पिकविलेलें धान्य शुभ आणि ती तेवढी अशुभ, हा कोठला न्याय?

कोणी म्हणेल, ही वाडवडिलांची रीत. खोटें! कुणबी, माळी, तेली अशा आमच्या घरांत पाट लावण्याची चाल होती. पुढें कुलीनपणाची हौस सुटली. भिक्षुकशाहीचें सोंवळें आम्हीं उसनें आणलें आणि पाटाची लाज वाटूं लागली.

ह्या सोंवळ्याच्या आड मतलब आहे. २००६ सालीं सरकारनें शेतकरी आत्महत्यांमुळें विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांना मदत जाहीर केली, त्यांत आमचा वाशिम एक. अशा घरांत कर्ज बाईच्या माथीं आणि शेत दिराच्या ताब्यांत, हें आम्ही पाहतों. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें नवऱ्याच्या मालमत्तेंत बायकोला मुलाइतका हिस्सा दिला आहे. पण जिला चारचौघांत उभें राहण्याची चोरी, ती तलाठ्यापुढें काय उभी राहणार?

शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालींच ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांना ह्या दुजाभावाचा जाब विचारला. १८९० सालीं मुंबईंत न्हावी बंधूंनीं सभा भरवून विधवांचें केशवपन न करण्याचा निर्धार केला. वस्तरा त्यांच्याच हातीं होता. त्यांनींच तो खालीं ठेवला. ४ मे २०२२ रोजीं कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवानें विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यांत सरकारनें परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता घालून दिला.

परंतु परिपत्रक बांगडी वांचवीत नाहीं. येत्या ग्रामसभेंत ठराव करा. वारसाच्या नोंदींत तिचें नांव आधीं घाला. आणि कुंकू पुसावयास हात उठला, तर त्या न्हावी बंधूंना स्मरून तो आपला आपणच आवरा!