बापाचे खत आणि बापाचे पाप

मेलेल्यांच्या पापाची माफी जिवंतांनी का मागावी, असा सवाल कित्येक शहाणे करितात. त्यांस आम्ही इंग्लंडचाच दाखला देतो. तेथील पार्लमेंटाने १८३३ साली वसाहतींतील गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. सुमारे आठ लाख गुलाम सुटावयाचे होते. पण भरपाईचे दोन कोटी पौंड मिळाले ते धन्यांस! ज्यांच्या पाठीवर आसूड उडाले, त्यांस छदामही नाही. उलट बहुतेकांस उमेदवारीच्या नावाखाली १८३८ पर्यंत त्याच धन्यांकडे फुकट राबावे लागले.

या भरपाईसाठी सरकारने काढिलेले कर्ज २०१५ साली फिटले. कर्ज काढणारे केव्हाच मेले, म्हणून राष्ट्राने ते बुडविले नाही. बापाचे खत मुलाच्या माथी येते, हे आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंस सांगावयास नको. मग पापाचेच खत तेवढे बापाबरोबर मातीत कसे जाते?

हॉलंडच्या मुख्य प्रधानांनी २०२२ साली व राजाने २०२३ साली माफी मागितली, हे योग्यच झाले. इतरांनीही मागावी. मात्र देणे कबूल केल्याने खाते मिटत नाही. ते फेडावेही लागते.