घर विकलं जात नाहीये? मग एजंट नेमका कुणासाठी काम करतोय, हे आधी बघा

बाजार तेजीत असतो तेव्हा फ्लॅट आपोआप विकले जातात. किमती चढ्या आणि गिऱ्हाईक सावध, अशी वेळ आली की एजंटची खरी परीक्षा सुरू होते. याच काळात ग्राहकाचं सर्वात जास्त नुकसानही होऊ शकतं. कसं, ते समजून घेऊया.

एजंटला पैसे कोण देतं?

नव्या प्रकल्पात एजंटची दलाली बहुतेक वेळा बिल्डर देतो. विक्री मंदावली की रखडलेले फ्लॅट खपवण्यासाठी तो दलाली वाढवतो. म्हणजे जो फ्लॅट कुणी घेत नाही, तोच तुमच्या गळ्यात मारण्यात एजंटचा फायदा जास्त. म्हणून 'तुम्हाला या व्यवहारात कोण, किती देतंय?' हा प्रश्न थेट विचारा. चांगला एजंट उत्तर टाळत नाही.

कायदा काय म्हणतो?

रेरा कायदा मे 2017 पासून पूर्णपणे लागू झाला. त्यानुसार नोंदणी असलेल्या प्रकल्पातली घरं विकायची तर एजंटचीही नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर दिवसाला 10 हजार रुपये दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात महारेराने 2023 मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. प्रमाणपत्र न घेतलेल्या सुमारे 20 हजार एजंटांची नोंदणी 2024 च्या सुरुवातीला स्थगित झाली. एजंटचा नोंदणी क्रमांक महारेराच्या वेबसाइटवर तपासता येतो.

चांगला एजंट काय करतो?

पूर्ण हिशेब आधी मांडतो. पुण्यात बांधकाम सुरू असलेला 80 लाखांचा फ्लॅट घ्या. मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 5 लाख 60 हजार (घर महिलेच्या नावावर असेल तर 1 टक्का कमी). जीएसटी 5 टक्के, म्हणजे 4 लाख. नोंदणी फी 30 हजार. झाले जवळपास 90 लाख. बँक कर्ज देणार घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के, म्हणजे 64 लाख, आणि त्यात मुद्रांक शुल्क, नोंदणी फी धरली जात नाही. म्हणजे खिशातून सुमारे 26 लाख काढावे लागणार. हे टोकन देण्याआधी सांगणारा एजंट तुमचा. फक्त ईएमआय किती बसेल एवढंच सांगणारा बिल्डरचा.

टोकनची घाई करत नाही. 'ऑफर आजच संपतेय' हे वाक्य मंद बाजारात जरा जास्तच ऐकू येतं. कायद्यानुसार विक्री करार नोंदवल्याशिवाय बिल्डर घराच्या किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. हे एजंटने स्वतःहून सांगायला हवं.

विकणाऱ्यालाही कटू सत्य सांगतो. जुना फ्लॅट विकताना मालकाला वाटतं, शेजाऱ्याला मिळाला त्यापेक्षा जास्त भाव मिळायलाच हवा. त्याला खूश ठेवायला एजंट 'हो' म्हणतो आणि फ्लॅट महिनोन्महिने पडून राहतो. त्यापेक्षा नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच सोसायटीतल्या व्यवहारांची सूची क्रमांक 2 बघता येते. त्यात नोंदवलेली किंमत असते. जाहिरातीतला भाव म्हणजे मागणी, नोंदवलेला भाव म्हणजे झालेला सौदा. हा फरक दाखवणं हे एजंटचं काम आहे.

मग एजंटने कमवायचं कसं?

'हे घर घेऊ नका' असं म्हणणाऱ्या एजंटची त्या दिवसाची दलाली बुडते, हे खरं. पण घर आपण आयुष्यात एखाद-दोनदाच घेतो, आणि एजंट निवडताना आधी नातेवाईक, मित्र, ऑफिसातल्या लोकांना विचारतो. गिऱ्हाईक कमी असताना एजंटकडे पुढचं काम याच शिफारशींतून येतं. फसवलं गेलेलं कुटुंबही गप्प बसत नाही, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचं नाव लगेच पोहोचतं.

एजंटला भेटायला जाताना तीन गोष्टी लेखी मागा: त्याचा महारेरा क्रमांक, दलाली कोण किती देणार ते आणि सगळ्या खर्चाचा एका कागदावरचा हिशेब. तिन्ही मिळाल्याशिवाय टोकन देऊ नका.